ॲपला वेळेवर उठवतं कोण? क्रॉनची पार्श्वभूमी

वेब ॲप स्वतःहून काहीच करत नाही. ब्राउझरकडून रिक्वेस्ट आली की कोड जागा होतो, उत्तर देतो आणि पुन्हा शांत बसतो. पण पहाटेचा बॅकअप, वर्गणी संपत आल्याची आठवण देणारा ईमेल, महिनाअखेरचं स्टेटमेंट ही कामं कोणी पान उघडलं म्हणून सुरू होत नाहीत. ती घड्याळ बघून करावी लागतात, आणि वेबच्या मूळ रचनेत घड्याळाला जागाच नाही. ते बाहेरून आणावं लागलं, आणि जिथून आणलं ती सोय वेबच्या आधीपासून होती.

१९७९ साली बेल लॅब्समधून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यातला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, अगदी साधा होता. मशीन सुरू झालं की तो सुरू व्हायचा, क्रॉनटॅब नावाची एकच फाइल वाचायचा, या मिनिटाला काही चालवायचं आहे का ते बघायचा, असेल तर चालवायचा आणि मिनिटभर झोपायचा. मग पुन्हा तेच. फाइलच्या प्रत्येक ओळीत पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यांच्यापुढे कमांड. ‘कोणतंही चालेल’ म्हणायचं असेल त्या रकान्यात तारा. सगळी कामं रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावाने चालायची, कारण फाइलच साऱ्या मशीनसाठी एक होती.

हे पाच रकाने आजही जसेच्या तसे आहेत. त्यांतला एक बारकावा मात्र भल्याभल्यांना चकवतो. तारीख आणि वार दोन्ही भरले, तर क्रॉन दोन्ही जुळण्याची वाट बघत नाही. एक जुळलं तरी काम चालवतो. ‘० ९ १३ * ५’ (शेवटचा ५ म्हणजे शुक्रवार) लिहून तेरा तारखेचा शुक्रवार गाठायला गेलात, तर काम दर शुक्रवारी चालेल आणि दर तेरा तारखेलाही.

एकाच मशीनवर शंभरेक जण काम करू लागले, तेव्हा प्रत्येकाची फाइल दर मिनिटाला चाळणं महाग पडणार होतं. पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी यावर चांगली तोड काढली. प्रत्येक काम पुढे नेमकं कधी चालणार हे आधीच काढायचं, सगळी कामं वेळेनुसार रांगेत लावायची आणि रांगेतलं पहिलं काम येईपर्यंत निवांत झोपायचं. पुढे पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये आपला क्रॉन लिहिला. बीएसडी आणि लिनक्स या युनिक्सच्या वळणाच्या सिस्टिमवर वर्षानुवर्षं तोच चालत आला.

वेबवाल्यांची खरी अडचण वेगळी होती. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या एकाच सर्व्हरवर, साइट चालवणाऱ्या बऱ्याच जणांना क्रॉनटॅबला हातच लावता येत नसे. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरने २००७ च्या २.१ आवृत्तीपासून यावर उपाय दिला: साइटवर कोणी आलं की त्या निमित्ताने थकलेली कामं उरकायची. तशाच ड्रूपलनेही २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत अशीच सोय गाभ्यात घेतली. या उपायाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो मोलाचा वाटतो, कारण सर्व्हरची माहिती नसलेल्या माणसालाही त्यामुळे ठरल्या वेळी पोस्ट प्रसिद्ध करता आली. मर्यादा उघड आहे. सकाळी ६ ला लावलेली पोस्ट, पहिला वाचक ८ ला आला तर ८ ला निघते. त्यातून पान कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून, गेलं तर पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) चालतच नाही, मग वाचक येऊनही कोड झोपलेलाच.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल त्यानंतर झाला: वेळापत्रक सर्व्हरवरून कोडमध्ये आलं. पूर्वी क्रॉनटॅबच्या ओळी सर्व्हरवर कुठेतरी पडून असत. सर्व्हर बदलला की त्या मागे राहत, आणि बॅकअप बंद पडल्याचं बॅकअप लागेल त्या दिवशी कळे. पायथॉन भाषावाल्यांच्या सेलरी या कामं रांगेत लावून चालवणाऱ्या साधनाने बीट नावाची वेगळी प्रोसेस दिली, ती वेळ झाली की काम रांगेत टाकते. लॅराव्हेल या पीएचपीतल्या फ्रेमवर्कने २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत सगळं वेळापत्रक पीएचपीमध्ये लिहायची सोय केली. सर्व्हरवर फक्त पाच तारे आणि एक कमांड उरली. क्रॉन दर मिनिटाला टकटक करतो, पुढचं लॅराव्हेल बघतं.

एकाचे तीन सर्व्हर झाले की नवा प्रश्न येतो. तिन्हीकडे तीच ओळ, म्हणजे ग्राहकाला एकाच आठवणीचे तीन ईमेल. म्हणून सामायिक कुलूप आलं: जो आधी ते घेईल त्यानेच काम करायचं. लॅराव्हेलमध्ये ही सोय २०१८ च्या ५.६ मध्ये आली. अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणाऱ्या कुबरनेटीसचा क्रॉनजॉब २०२१ मध्ये स्थिर झाला, पण काही वेळा काम दोनदा चालू शकतं किंवा चालणारही नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. काम दोनदा चाललं तरी नुकसान होणार नाही असंच लिहायचं, ही जबाबदारी आपली.

भारतात बसून काम करणाऱ्यांना वेळेचा फरक सांभाळावा लागतो तो वेगळाच. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. आपली मध्यरात्र म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे १८:३०. एका कामात दर १ तारखेला मध्यरात्री स्टेटमेंट काढायचं होतं. आम्ही ‘३० १८ ३१ * *’ लिहिलं. मार्चचं स्टेटमेंट वेळेवर निघालं. एप्रिलचं निघालंच नाही, कारण एप्रिलला ३१ तारीख नसते. कुठे एरर नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही. मूळ क्रॉनच्या पाच रकान्यांत ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ म्हणायला जागा नाही.

काही ठिकाणी आता टाइमझोन थेट देता येतो. कुबरनेटीसमध्ये ही सोय २०२३ मध्ये स्थिर झाली. आमच्या त्या सर्व्हरवर ती नव्हती. तिथली ओळ आता ‘३० १८ * * *’ अशी आहे. काम रोज रात्री उठतं, आधी भारतातली तारीख बघतं, १ नसेल तर तेवढी नोंद लॉगमध्ये करून थांबतं.