कोपऱ्यातला शूटर आणि सव्वा सेकंद

उंच पोरं रिंगखाली उभी केली की डिफेन्स झाला, हे शाळेच्या मैदानापासून ऐकत आलोय. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तर त्याला मुभाही आहे. एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, कुणाला अडवत नसाल तर रिंगपुढच्या पट्ट्यात ३ सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. कॉलेजात खुशाल तंबू ठोका. तरी कुणी ठोकत नाही.

कारण थ्री-पॉइंटरची रेषा, जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला ३ गुण मिळतात. पुरुषांच्या कॉलेज खेळात १९८६-८७ला ती रिंगपासून १९ फूट ९ इंचांवर सगळीकडे लागू झाली; पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे वरच्या गटात, २०१९-२०पासून ती २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे. वाढ जेमतेम अडीच फुटांची, पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. राखायची जागा सव्वापट झाली (कोपऱ्यात रेषा सरळ होते, तो हिशेब सोडा). राखणारे पाचच.

आता खरी गंमत. तुम्ही रिंगखाली, पास गेला ५ मीटरवरच्या शूटरकडे. समजा, चेंडू पोचायला अर्धा सेकंद, झेलून सोडायला पाऊण. एकूण सव्वा. पाव सेकंद तुमच्या मेंदूला कळण्यात गेला, उरला १. उभ्या जागेवरून दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद असा वेग वाढवलात, तर ½at² प्रमाणे कापलं अंतर २ मीटर. हात आणि उडीचा आणखी १ धरा. तरी २ कमीच!

शिवाय थांबायचंही असतं. सुसाट आलात तर शूटर नुसती हूल देतो आणि तुम्ही त्याच्या बाजूने प्रेक्षकांत. वेग दुप्पट, तर थांबायला अंतर चौपट. म्हणून शेवटची पावलं आखूड पडतात, बूट चुईं करतात, एक हात वर. कॉमेंटेटर याला जिगर म्हणतात. जिगरीने तो पाव सेकंद वाचत नाही, लकी मोज्यांनी तर नाहीच.

कोच डिक बेनेट यांची ‘पॅक-लाइन’ ही डिफेन्सची पद्धत इथेच शहाणी ठरते. रिंगपासून साधारण १६ फुटांवर मनातल्या मनात रेषा आखायची. एकजण चेंडूवर, बाकीचे चौघे तिच्या आत. आपल्या वाट्याचा शूटर थ्रीच्या रेषेवर सरळ समोर असेल तर अंतर ६ फूट, म्हणजे २ मीटरच्या आत. त्यांचा मुलगा टोनी कोच असलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने हाच डिफेन्स खेळत २०१९चं कॉलेज विजेतेपद घेतलं.

सिरॅक्यूज विद्यापीठाचा २-३ झोन (पुढे दोघे, मागे तिघे, प्रत्येकाने माणूस नाही, जागा राखायची) मात्र कोपरे उघडे टाकायचा. २००३च्या कॉलेज अंतिम सामन्यात त्यांच्यापेक्षा ३ गुणांनी मागे असलेल्या कॅन्ससने शेवटच्या क्षणी तिथूनच थ्री मारायला घेतला. सिरॅक्यूजच्या मागच्या फळीतला हकीम वॉरिक आतून झेपावला आणि त्या लांबलचक हाताने चेंडू उडवला. सिरॅक्यूज ८१-७८.