पपी डायलचा काटा नेमकं काय सांगतो

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपात मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणारं मशीन, असेल तर जवळच्या पेटीत मऊ कापडात गुंडाळलेला एक डायल असतोच. कॅटलॉगमधे त्याला लिव्हर टाइप डायल टेस्ट इंडिकेटर म्हणतात, आमच्याकडं पपी डायल. टॉवेलच्या मागाचे ब्रॅकेट, पावरलूमचे स्पेअर असली कामं आमच्याकडं कायम चालू, आणि जॉब, म्हणजे ज्या तुकड्यावर काम करायचं तो, बांधायच्या आधी हा डायल बाहेर काढावाच लागतो.

नवीन पोरांना वाटतं हा माप घेतो. माप नाही घेत हो, फरक दाखवतो. टोकाची बारीक गोळी जॉबला टेकते, ती जरा हलली की आतले लिव्हर आणि गिअर ती हालचाल मोठी करून काट्याला देतात. एक घर म्हणजे ०.०१ मिमी, आणि डोक्याचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, म्हणजे एका केसात सात घरं बसली.

आता गंमत कोनाची. गोळीचा दांडा जॉबच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पाहिजे. तो ३० अंश उभा झाला तर काटा १० घरं फिरतो पण खरा फरक ८.७ घरांचाच असतो, ६० अंशाला तर निम्माच, फक्त ५. पण शून्य कुठल्याही कोनात शून्यच राहतं! व्हाइस, म्हणजे जॉब पकडणारा टेबलावरचा शिकंजा, सरळ करताना आपल्याला काटा हलूच नये एवढंच पाहिजे असतं, म्हणून तिथं कोन थोडा चुकला तरी चालतं, आकडा वाचायचा असेल तिथं नाही चालत.

व्हाइस लावताना डायल हेडला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मशीनच्या वरच्या भागाला, धरायचा, गोळी स्थिर जबड्याला टेकवायची, एका बाजूचा बोल्ट थोडा आवळून दुसरा ढिला ठेवायचा, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं आणि नायलॉनच्या हातोडीनं हळूच ठोकत काटा थांबवायचा. मग दोन्ही बोल्ट पूर्ण आवळायचे आणि परत एकदा चालवून बघायचं, हे शेवटचं मी एकदा केलं नव्हतं. आवळताना व्हाइस सरकला होता, १५० मिमीत १२ घरं, आणि ब्रॅकेटचे सगळे स्लॉट तिरके गेले. पूर्ण लॉट भंगारात. तेव्हापासून घाई कितीही असो, आवळल्यावरची फेरी मी चुकवत नाही.

बोअरचं, म्हणजे जॉबमधल्या गोल भोकाचं, सेंटर काढताना डायल स्पिंडलला, म्हणजे कटर बसतो त्या फिरत्या दांड्याला, लावून तो हातानं फिरवायचा आणि समोरासमोरच्या दोन बाजू वाचायच्या. फरक १० घरं आला तर टेबल ५ घरंच सरकवायचं, कारण सेंटर जेवढं हुकलंय त्याच्या दुप्पट फरक दिसतो. बरेच जण पूर्ण १० सरकवतात आणि मग काटा उलट्या बाजूला जातो.

हेड सरळ आहे का तेही असंच, डायल स्पिंडलला लावून टेबलावर २०० मिमी व्यासाचं वर्तुळ फिरवायचं. समोरासमोर ५ घरं फरक असेल तर क्विलनं, म्हणजे स्पिंडल खाली-वर करणाऱ्या नळीनं, पाडलेलं ४० मिमी खोल भोक एक घर तिरकं जाणार, आणि ५० मिमीच्या कटरनं फेस मारला, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट केला, तर हेड फीडच्या, म्हणजे टेबल सरकण्याच्या दिशेच्या, आडव्या बाजूला कललेलं असताना दोन पासच्या मधे सव्वा घराची पायरी उरणार, नखाला लागते ती. फीडच्या दिशेनं कललेलं असेल तर पायरी नाही, पृष्ठभागच मधे खोलगट होतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही, पट्टी ठेवल्यावर कळतो.