कोडं सुटायच्या आधी माणूस पंख्याकडे का बघतो?

शनिवारी रात्री आम्ही शाळेतले पाच जण व्हिडिओ कॉलवर बसून एकमेकांना कोडी घालतो. लॉकडाऊनमधलं खूळ, अजून उतरलेलं नाही. एक जण सोलापुरात, तिघं पुण्यात आणि एक न्यू जर्सीत, त्याच्या हातात सकाळचा चहा. "पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब" वगैरे आजीकडची कोडी (उत्तर: मक्याचं कणीस) कधीच संपली, त्यामुळे आता स्वतः बनवावी लागतात. परवा मी घातलं, गाडी, रुमाल, माग, तिघांच्याही आधी लागेल असा एक शब्द सांगा. तुम्हीही करा विचार.

सोलापूरकराने मान वर केली, पंख्याकडे बघितलं आणि दहा सेकंदांच्या आत म्हणाला, "हात!" हातगाडी, हातरुमाल, हातमाग. लगेच पुण्याहून आरडाओरडा, लेका वर मोबाइल टांगलायस का, एआयला विचारलंस का. एकाने तर व्हॉट्सॲपवरचं ज्ञानच काढलं की डोळे वर उजवीकडे गेले म्हणजे माणूस थापा मारतोय.

ही डोळ्यांवरून थापा ओळखायची विद्या म्हणजे निव्वळ पुडी आहे. २०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी ती तपासली, खरं बोलणाऱ्यांच्या आणि खोटं बोलणाऱ्यांच्या नजरेत तसला काही फरक सापडला नाही, तरी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासेसमध्ये पैसे घेऊन शिकवतातच. पण विचार करताना नजर खरंच हलते, आणि का हलते ते जास्त भारी आहे.

'गाडी' म्हटलं की डोक्यात काय येतं? बैलगाडी, आगगाडी, घोडागाडी. 'रुमाल' म्हटलं की घाम, खिसा. 'माग' म्हटलं की पोलीस, माग काढणं. हे जवळचे शब्द इतक्या जोरात धावत येतात की बाकीच्यांना जागाच राहत नाही. 'हात' हा शब्द तिघांशीही जोडलेला आहे पण लांबून, बारीक आवाजात. तीन बारीक आवाज एकत्र आले की मोठे होतात, फक्त ते ऐकू यायला आजूबाजूचा गोंगाट कमी व्हायला हवा.

आता हा माझा लाडका प्रयोग. २००४ मध्ये मार्क बीमन, जॉन कुनिओस वगैरे अमेरिकन मंडळींनी लोकांना अशीच तीन-तीन शब्दांची कोडी दिली. उत्तर आलं की बटण दाबायचं, आणि ते खटकन सुचलं की एकेक शब्द लावून बघत मिळालं तेही सांगायचं. मेंदूत 'कुठे' ते एफएमआरआयने (मेंदूच्या स्कॅनने) बघितलं आणि 'कधी' ते ईईजीने (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपतात ते), कारण एफएमआरआय रक्तप्रवाहावर चालतो म्हणून सेकंदांनी उशिरा कळवतो, ईईजी मिलिसेकंदात. खटकन सुचलेल्या उत्तरांत बटण दाबायच्या साधारण ०.३ सेकंद आधी उजव्या कानाच्या वर असलेल्या मेंदूच्या भागात गॅमा लहरींचा, म्हणजे सेकंदाला ४० च्या आसपास कंपनांचा, झटका दिसला. बोट हलायलाही थोडा वेळ लागतोच, म्हणजे उत्तर जाणिवेत आलं तो क्षण जवळपास हाच.

पण मला वेड लावलं ते त्याच्याही आधीच्या गोष्टीने. बटणाच्या साधारण दीड सेकंद आधी डोक्याच्या मागच्या भागात, उजवीकडे, अल्फा लहरी वाढल्या. अल्फा म्हणजे सेकंदाला १० च्या आसपास, हान्स बर्गरने १९२९ मध्ये छापलेल्या, डोळे मिटले की वाढतात त्या. आधी लोकांना वाटायचं की अल्फा म्हणजे मेंदूचा तो भाग रिकामटेकडा बसलाय, आता बरेच जण म्हणतात की तो भाग मुद्दाम दाबून ठेवलेला असतो. मागचा भाग डोळ्यांकडून आलेली माहिती हाताळतो. म्हणजे उत्तर सुचायच्या आधी मेंदू क्षणभर डोळ्यांकडचं दार लोटून घेतो, आपण रस्त्यावर फोनवर बोलताना ऐकू येईना की दुसऱ्या कानावर हात दाबतो तसं. एकेक शब्द लावून सोडवलेल्या कोड्यांत हे असं दिसलं नाही. पुढे २०१५ मध्ये कारोला साल्वी आणि सहकाऱ्यांनी थेट डोळ्यांचाच माग काढला (हा दुसरा माग), तर खटकन उत्तर सुचायच्या आधी लोक जास्त वेळा पापण्या मिटत होते आणि नजर कोड्यावरून बाजूला नेत होते.

यावरून लगेच "उजवा मेंदू जागवा" छाप कोर्स लावू नका. उजवी बाजू इथे थोडी पुढे असते एवढंच, कोडं वाचायला आणि शब्द शोधायला डावीही लागतेच. मेंदू तल्लख करतो म्हणून जाहिरात करणाऱ्या एका ॲपवाल्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्यांना पुरेसा आधारच नव्हता.

हे सगळं मी पुढच्या कॉलवर पाऊण तास समजावलं, न्यू जर्सीवाला मधेच जाऊन टोस्ट करून आला. शेवटी सोलापूरकराला विचारलं, तुला खटकन सुचलं ना रे?

"सुचायचं काय त्यात? आजोबांच्या घरी हातमाग होता, लहानपणी त्या खटखटीतच झोपायचो आम्ही."

"मग वर काय बघत होतास?"

"पंखा डुगडुगतोय रे, पडतो की काय डोक्यात!"