पंधराव्या वर्षी झोप उशिरा का येते?

शाळा सातची, व्हॅन सव्वासहाला दारात, आणि नववीतला मुलगा अजून पांघरुणात. "रात्री वेळेवर झोपला असतास तर!" हे वाक्य कितीतरी घरांत रोज ऐकू येतं. 'लवकर निजे, लवकर उठे' ऐकतच आपण वाढलो. त्यामुळे उशिरा झोपणारा तो आळशी, हे मनात पक्कं बसलंय. वयात येणाऱ्या मुलांवर मात्र हा आरोप बऱ्याच अंशी अन्यायाचा आहे.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ तोच चालवतो. अंधारून आलं की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि रात्र झाल्याचं शरीराला कळतं. वयात येताना हे घड्याळ एक-दोन तास मागे पडतं. शिवाय दिवसभर जागून डोळ्यांवर येणारा झोपेचा भारही आता सावकाश साचतो. म्हणून चौथीत साडेनऊला पेंगणारं मूल नववीत अकरालाही टक्क जागं असतं. मोबाइल यात भर घालतो हे खरं, पण मूळ कारण तो नाही.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. अकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्याला मिळते साडेसहा तास. किमान गरजेपेक्षाही रोज दीड तास कमी. सोमवार ते शनिवार मिळून नऊ तास, म्हणजे एक अख्खी रात्र! त्यातही कापली जाते ती पहाटेची झोप. स्वप्नांची झोप याच वेळी सर्वांत जास्त असते, आणि भावनांचा तोल सावरायला तिची मदत होते. सकाळची चिडचिड दरवेळी उर्मटपणाच असते असं नाही.

शाळा उशिरा भरवली तर मुलं आणखी उशिरा झोपतील, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात २०१६ साली मोठ्या मुलांच्या शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली. मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं, तेव्हा झोप ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. निर्णय चांगलाच आहे. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडलेलं असतं, ती आठवी ते दहावीची मुलं त्यात नाहीत, याची मला फार खंत वाटते. एकाच इमारतीत दोन सत्रं भरवणाऱ्या शाळांची अडचण मलाही दिसते. पण शाळेआधी पहाटेचा क्लास लावायचा की नाही, हे तरी घरात ठरू शकतं.

संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफीन रात्री दहाला अंगात असतं, तेव्हा ती टाळावी. रात्री घरातले दिवे मंद ठेवावेत. सकाळी उठल्याबरोबर मुलाला गच्चीत किंवा अंगणात उन्हात जाऊ द्यावं; मागे पडलेलं घड्याळ त्या उजेडाने थोडं पुढे येतं. रविवारी तास-दीड तास जास्त झोपू द्यावं. दुपारी बारापर्यंत मात्र नको, नाहीतर रविवारी रात्री झोप आणखी लांबते आणि सोमवारचा गजर जास्तच जड जातो.