दिवसभर टिकला, म्हणून परफ्यूम चांगला?

महागड्या परफ्यूमची स्वस्त नक्कल हाती आली की कौतुकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सकाळी मारला, रात्रीपर्यंत वास येतोय!’ व्हॅनिला, कॅरॅमल, चॉकलेट अशा खाद्यपदार्थांची आठवण करून देणाऱ्या परफ्यूमना गूरमाँ म्हणतात. त्यांच्या बाबतीत मात्र टिकाऊपणावरून दर्जा ठरवणं साफ चूक आहे.

वास यायचा तर रेणू आधी द्रवातून सुटून हवेत यायला हवा. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन १७६ अंश सेल्सिअसला उकळतं, तर व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन सुमारे २८५ अंशांना. रेणुभार पाहिले तर १३६ आणि १५२, म्हणजे फारसा फरक नाही. मग व्हॅनिलिन इतकं चिवट का? लिमोनिनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. त्याचे रेणू एकमेकांना सैलसर धरतात. व्हॅनिलिनमध्ये ऑक्सिजनचे तीन अणू आहेत. त्यांपैकी एकाला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. शिवाय व्हॅनिलिनच्या रेणूंतल्या अणूंच्या चपट्या कड्या एकमेकींना बिलगतात. परिणामी त्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन हवेत सुटण्याचा जोर, लिमोनिनच्या तुलनेत हजारो पटींनी कमी पडतो. कागदाच्या पट्टीवरचं लिंबू बघता बघता उडून जातं, व्हॅनिलिन दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं. आणि नाकाला ते इतक्या अल्प प्रमाणात कळतं की सुटणारे थोडेसे रेणूही पुरतात.

हे व्हॅनिलिन टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्येच प्रयोगशाळेत बनवलं. आज ते स्वस्त मिळतं. भाजलेल्या साखरेचा वास देणारं एथिल माल्टोलही तसंच. १९९२ च्या ‘एंजल’ या परफ्यूममध्ये त्याला पॅचौली या सुगंधी वनस्पतीच्या तेलाची जोड मिळाली आणि गूरमाँची लाट आली. थोडक्यात, गोडवा आणि टिकाऊपणा दोन्ही कमी पैशांत जमतात. अवघड असतं ते त्या गोडव्याखालचे बाकीचे वास जुळवणं.

नक्कल करणारे मूळ परफ्यूम गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात घालतात. प्रत्येक घटकाचं शिखर आलेखावर उमटतं. पण शिखराची उंची म्हणजे वासाचं वजन नव्हे! गुलाबाच्या तेलात बीटा-डॅमॅसेनोन हा घटक जेमतेम ०.१४ टक्के, तरी त्या वासात त्याचा वाटा फार मोठा. असं बारीकसं शिखर नजरेतून सुटलं की नक्कल फसते. म्हणूनच ‘९८ टक्के तंतोतंत’ ही जाहिरात निरर्थक आहे. टक्के नेमके कशाचे? मध्येच कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक ‘ताजं’ होतं, हाही असाच समज. साधी हवा तेवढंच काम करते. रंग गडद म्हणजे अर्क जास्त, हेही खोटं, कारण व्हॅनिलिन हवा-उजेडाने आपोआप तपकिरी होत जातं.

मी दोन पट्ट्यांवर एकेक फवारा मारतो, एकीवर मूळ परफ्यूमचा, दुसरीवर नकलेचा, मागे खुणा दुसऱ्याला करायला सांगतो आणि पाच मिनिटांनी, तासाने, चार तासांनी हुंगतो. मागच्या खेपेला पाच मिनिटांनी मला दोन्हींत फरक सांगता आला नाही. चौथ्या तासाला एका पट्टीवर साखरेआड पॅचौलीचा ओल्या मातीसारखा, किंचित कडवट वास होता. दुसरीवर नुसती साखर उरली होती, आणि जोर तिचाच जास्त होता.