मुका मार, ग्लुटामेट आणि मे महिन्याचं ऊन

दुचाकीची धडक बसलेली उस्मानाबादी शेळी पुष्कळदा अंगावर ओरखडाही नसताना आडवी होते. बुबुळं थरथरतात, पाय ताठ होतात. आपण त्याला मुका मार म्हणतो. हा मार आत काय करतो, ते मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं आहे.

मेंदूच्या पेशींना चेतवणारं मुख्य रसायन ग्लुटामेट, शांतवणारं गाबा. ग्लुटामेट पेशीच्या आत बाहेरच्या हजारोपट असतं. हादऱ्यानं पेशींची आवरणं ताणतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी एकदम चेततात आणि ग्लुटामेट मिनिटांत सांडतं. त्यानं शेजारच्या पेशींची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीतलीच विकरं पेशीला खायला लागतात. सांडलेलं ग्लुटामेट परत ओढायला ऊर्जा लागते, नेमकी तीच तेव्हा संपत आलेली असते.

प्रयोगात भूल दिलेल्या उंदराच्या कवटीला सुमारे 5 मिलिमीटरचं भोक पाडून खारट पाण्याचा 1 ते 3 वातावरण दाबाचा झटका देतात. ग्लुटामेट मोजायला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची सळई मेंदूत सोडतात. तिच्या पातळ पडद्याआडून मिनिटाला 1-2 मायक्रोलिटर द्रव फिरवायचा आणि दर 10-20 मिनिटांनी नमुना घ्यायचा. पण सळई घुसवणं हीसुद्धा इजाच, म्हणून सुरुवातीचे आकडे धरत नाहीत. नुसतं भोक पाडलेले, झटका न दिलेले उंदीर तुलनेला लागतातच. मेंदू काढून, वाटून मोजला तर पेशीच्या आतलं-बाहेरचं सगळं एक होतं. शिवाय मेल्यावर मिनिटांत गाबा वाढतं, त्यामुळे ऊती तत्काळ गोठवावी लागते.

सगळ्यात जास्त फसवतं ते तापमान. 1989मध्ये मायामीच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा 20 मिनिटं तोडला. मेंदू 36 अंश सेल्सिअसवर असताना ग्लुटामेट सुमारे सातपट झालं, 33वर ती वाढ जवळपास थांबली. तीन अंशांचा फरक! भुलेतला उंदीर आपसूक गार पडतो. खाली गरम गादी नसेल तर आकडे खोटेच चांगले दिसतात.

परभणी-बीडच्या 42 अंशांच्या उन्हात हेच उलटं घडू शकतं. म्हणून पडलेली शेळी आधी सावलीत घ्या. छातीवर बसवा, कुशीवर ठेवली तर पोट फुगतं. मानेखाली कडब्याची पेंडी देऊन डोकं थोडं उंच ठेवा, पण मान मुडपू देऊ नका. गुदद्वारातलं तापमान नेहमीच्या 101.5 ते 103.5 फॅरनहाइटच्या पट्ट्यावर गेलं तर अंगावर ओलं गोणपाट टाकून वारा घाला. तापमान उतरलं की गोणपाट काढा, कुडकुडू देऊ नका. झटके येत असतील तर डॉक्टर डायझेपाम देतात, ते गाबाचं काम वाढवतं. बाटलीनं तेल-पाणी मात्र ढोसू नका. गिळता येत नसेल तर ते थेट फुप्फुसात जातं, आणि डोक्याच्या मारातून वाचलेली शेळी न्यूमोनियानं जाते.