मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा शोध: घरातली ऐकीव माहिती कशी पडताळावी

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांसाठी आणि त्यांच्या कोकणातल्या भाऊबंदांसाठी

‘आमचे मूळ पुरुष पेशव्यांचे सरदार होते’, ‘सत्तावनच्या बंडात लढून ते जहाजावर चढले’, ‘ते पहिल्याच जहाजातून आले’. अशी एखादी गोष्ट बहुतेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती जपून ठेवणाऱ्या आजी-आजोबांविषयी आम्हाला मनापासून आदर आहे. पण आम्ही कुटुंबांना वंशावळ शोधून देतो, आणि तीत ज्याला कागदाचा आधार आहे तेवढेच लिहितो.

पहिल्या जहाजाचेच घ्या. ‘अ‍ॅटलास’ २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला लागले, तेही कलकत्त्याहून. साखर मळ्यांसाठी करारावर आणलेल्या त्यातल्या ३६ मजुरांना कागदोपत्री ‘धांगर’ म्हटले आहे. त्यावरून धनगर समाजाशी नाते जोडावेसे वाटते, पण ती छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातली आदिवासी माणसे होती. रत्नागिरीकडचा माणूस मुंबई बंदरातून निघाला असण्याचा संभव कितीतरी जास्त.

बंडाच्या गोष्टीत थोडे तथ्य असू शकते. १८५८ आणि १८५९ मध्ये मॉरिशसला मजुरांची विक्रमी आवक झाली, हे खरे. पण वर्ष जुळले म्हणून माणूस बंडवाला ठरत नाही; त्या गर्दीत पोटासाठी निघालेलेच फार होते. पूर्वज १८३४ च्याही आधी आला असे घरात सांगत असतील, तर फ्रेंच अमलात पाँडिचेरीकडून आलेले कारागीर आणि १८१५ ते १८३७ दरम्यान मुंबई व बंगाल इलाख्यांतून पाठवलेले कैदी, या दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. जे निघेल ते आम्ही तुम्हाला सांगू.

शोधाची खरी किल्ली म्हणजे मजुराचा नंबर. आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपलेल्या पोर्ट लुईच्या मजूर-डेपोत करारावर आलेल्या प्रत्येकाला, बाईमाणसालाही, नंबर मिळे आणि तो जन्मभर त्या माणसाला चिकटून राही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरे आहेत: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज. १८६० च्या दशकापासून पुष्कळांचे फोटोही आहेत. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या मुलांना नंबर नसे, म्हणून आपल्यापासून मागे एकेक पिढी चढत नंबर असलेल्या माणसापर्यंत पोचायचे. जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले त्यासाठीच लागतात. मूळ पुरुष आधी ठरवून तिथून खाली उतरू नका. ओढूनताणून जुळवलेल्या वंशावळी अशाच तयार होतात.

दाखल्यावर बापाचे नाव नसेल तर घाबरू नका. धार्मिक विधीने लागलेले लग्न सरकारी दप्तरात नोंदवलेले नसले की असे होई. त्यात त्या आईला कमीपणा कसलाच नाही.

आडनावावर तर मुळीच भिस्त ठेवू नका. मजुराचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले, तेही फ्रेंच-इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेले. एकाच सखारामाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचे सापडू शकते. जातीच्या रकान्यात ‘मराठा’ लिहिले असेल, तर कारकुनाने जात लिहिली की मुलूख, हे इतर नोंदींशी ताडल्याशिवाय कळत नाही. आजच्या आडनावाला जुळेल असे राजघराणे शोधून देण्याचे काम आम्ही घेत नाही.

गावाच्या बाबतीत आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. रजिस्टरमधला ‘रत्नागिरी’ जिल्हा आजच्यापेक्षा खूप मोठा होता; मालवण, देवगड त्यातच होते, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. ‘मुंबई’ एवढेच लिहिले असेल, तर ते नुसते बंदरही असू शकते. एकाच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत निघतात. शिवाय खोती गावांत (जिथे सारा वसुली खोताकडे असे) कष्टकरी कुळाचे नाव जुन्या जमीन-कागदांत सापडेलच असे नाही, आणि गावाकडची जन्म-मृत्यूची रजिस्टरे पुष्कळदा पूर्वज निघून गेल्यानंतरची असतात. अशा वेळी कुलदैवत, घरातली नावे आणि चालीरीती उपयोगी पडतात. मॉरिशसची झाकरी आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाची बहीण आहे. ती मुलूख दाखवते, पण घर दाखवत नाही. गावात कुणी ‘हो, आमचाच एक भाऊ परदेशी गेला होता’ म्हणाले की डोळे भरून येतात. तरीही दोन घरांच्या आठवणी जुळणे आणि पुरावा मिळणे यांत अंतर आहे. असे नाते आम्ही ‘संभाव्य’ म्हणूनच नोंदवतो.

हे काम आता अधिक निकडीचे झाले आहे. मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) मिळू शकेल, असे २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथे जाहीर केले. त्या कार्डासाठी आठवणी चालत नाहीत, सलग दाखले लागतात.

आमच्याकडे येताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचे बोलणे रेकॉर्ड करून आणा. जुन्या दाखल्यांच्या आणि साखर मळ्याच्या कागदांच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. अस्सल प्रती पोस्टाने पाठवू नका. रजिस्टरमधल्या नोंदीसाठी महात्मा गांधी संस्थेकडे अर्ज वंशज म्हणून तुम्हीच करायचा आहे. तो भरून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.